माळढोकाच्या लेखातील भर का वगळली गेली आणि आता काम कसे करावे

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: आपण उत्तर सोलापूर तालुक्यात शिकवता, नान्नजच्या माळरानावर आपले वर्षानुवर्षे जाणे-येणे आहे, आणि मराठी विकिपीडियावरील ‘माळढोक’ या लेखात आपण चार वाक्ये व एक छायाचित्र घातले असता ते सर्व तासाभरात वगळण्यात आले. असे का झाले, आणि महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन हा लेख सुधारायचा असेल तर कामाला हात कोठून घालावा, हे आपल्याला हवे आहे. मी सोलापुरातच राहतो आणि विकिपीडियावर प्राणी-पक्ष्यांच्या लेखांचे संपादन बऱ्याच वर्षांपासून करत आलो आहे. आपली वाक्ये मी लेखाच्या इतिहासात, म्हणजे जुन्या बदलांच्या नोंदीत, जाऊन वाचली. ती आस्थेने लिहिलेली आहेत यात शंका नाही, आणि ज्या सदस्याने ती काढली त्यानेही आकसाने काढलेली नाहीत. चारही वाक्ये वेगवेगळ्या कारणांनी अडली आहेत, म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल.

आपले पहिले वाक्य होते: ‘सोलापूर जिल्ह्यात आता एक-दोनच माळढोक उरले असून ते आम्ही स्वतः पाहिले आहेत.’ हे वाक्य खरे असू शकते. तरीही ज्ञानकोशात ते बसत नाही, कारण ते तपासण्याचा कोणताही मार्ग वाचकाजवळ नाही. गडचिरोलीत किंवा रत्नागिरीत बसून लेख वाचणाऱ्या मुलीला लिहिणारा कोण आहे हे दिसत नाही. तो माळावर आयुष्य काढलेला माणूस आहे की कालच खाते उघडलेला कोणी आहे, हे तिला कळण्याची सोय नाही. म्हणून येथे लिहिणाऱ्याच्या अधिकाराला स्थान दिलेले नाही. अधिकार आहे तो प्रकाशित झालेल्या आणि दुसऱ्याला उघडून पाहता येणाऱ्या संदर्भाला. हा नियम वनाधिकाऱ्याला, प्राध्यापकाला आणि पक्षिशास्त्रज्ञालाही तितकाच लागू आहे. एखाद्या शास्त्रज्ञाने आपले अप्रकाशित निरीक्षण थेट लेखात घातले, तर तेही काढले जाईल, आणि ते काढणे योग्यच ठरेल.

याचा अर्थ आपले निरीक्षण वाया गेले असा मात्र मुळीच नाही, आणि या मुद्द्यावर मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण सोलापूरसारख्या ठिकाणी लेखाला सर्वांत मोठा हातभार येथूनच लागू शकतो. पाहिलेली गोष्ट आधी योग्य जागी नोंदवली पाहिजे आणि नंतर तिचा संदर्भ लेखात आला पाहिजे. पक्षिनिरीक्षणाच्या नोंदी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख, वेळ व ठिकाणासह घालता येतात. एखादे निरीक्षण विशेष असेल, म्हणजे अनेक वर्षांच्या खंडानंतर पक्षी दिसला असेल किंवा वेगळे वर्तन आढळले असेल, तर त्यावर छोटे टिपण लिहून पक्षिशास्त्राच्या नियतकालिकाकडे पाठवता येते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली आणि तिचे नियतकालिक १८८६ पासून निघत आहे. आपल्याकडच्या पक्ष्यांविषयीच्या कितीतरी मूलभूत नोंदी अशाच छोट्या टिपणांच्या रूपाने त्यात आलेल्या आहेत. वनविभागाच्या प्रगणनेत आपण स्वयंसेवक म्हणून गेला असाल, तर तिचा अहवाल किंवा त्यावर आधारलेली वर्तमानपत्रातील सविस्तर बातमी हाही संदर्भ होऊ शकतो. आपणच लिहिलेल्या टिपणाचा संदर्भ आपणच लेखात घालणार असाल, तर तसे लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे सदस्य लेखाविषयी जेथे बोलतात त्या पानावर, आधी सांगावे आणि शक्यतो दुसऱ्या सदस्याला ती भर घालू द्यावी.

दुसरे वाक्य, ‘माळढोक हा जगातील सर्वांत मोठा उडणारा पक्षी आहे’, याचा निकाल लवकर लागतो, कारण ते चुकीचे आहे. वजनाच्या बाबतीत आफ्रिकेतील कोरी बस्टर्ड आणि युरोप-आशियातील ग्रेट बस्टर्ड हे उडणाऱ्या पक्ष्यांत अगदी वरच्या क्रमांकावर मानले जातात, आणि उंचीचा विचार केला तर सारस क्रौंच पुढे जातो. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक आहे, एवढे विधान टिकते. नर साधारण मीटरभर उंच असतो आणि त्याचे वजन पंधरा किलोच्या आसपास जाऊ शकते; मादी त्या मानाने बरीच लहान असते. आपल्या पक्ष्याविषयी अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ‘सर्वांत’ हा शब्द लेखात लिहिताना प्रत्येक वेळी हात थांबला पाहिजे.

अशीच दुसरी कथा म्हणजे राष्ट्रीय पक्ष्याची. माळढोकाचे नाव राष्ट्रीय पक्षी म्हणून पुढे आले होते, सालिम अली यांचा त्याला पाठिंबा होता, आणि पुढे १९६३ मध्ये मान मोराला मिळाला, हे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. माळढोकाच्या इंग्रजी नावातील ‘बस्टर्ड’ हा शब्द लिहिताना चूक होऊन ते अशोभनीय होईल म्हणून ते मागे पडले, अशी पुस्तीही त्याला जोडली जाते. ही पुस्ती रंजक आहे, म्हणूनच ती जपून हाताळावी. लेखात घ्यायचीच असेल तर ती कोणी, कोठे नोंदवली आहे त्याच्या नावासह घ्यावी आणि मोराची निवड झाल्याच्या नोंदीपासून वेगळी ठेवावी. दोन्ही एका वाक्यात गुंफल्या की ऐकीव भागालाही इतिहासाचा दर्जा मिळतो.

आता संख्येविषयी. माळढोकाच्या लेखाचा हा कणा आहे आणि नेमका येथेच मराठीतील बहुतेक मजकूर ढिला असतो. ‘सध्या भारतात दीडशे माळढोक उरले आहेत’ हे वाक्य ज्या दिवशी लिहिले त्या दिवशी बरोबर असते आणि दुसऱ्या वर्षापासून त्याची विश्वासार्हता कमी होऊ लागते, कारण ‘सध्या’ म्हणजे केव्हा हे वाक्यात कोठेच नसते. असे वाक्य वर्तमानपत्रात उचलले जाते, तेथून शालेय प्रकल्पात जाते, आणि काही वर्षांनी कोणीतरी त्याच वर्तमानपत्राचा संदर्भ देऊन ते पुन्हा लेखात घालतो. म्हणून संख्या नेहमी वर्षासह आणि अंदाज कोणाचा आहे त्यासह लिहावी. मी हे वाक्य असे बांधीन: ‘१९६९ मध्ये देशभरातील माळढोकांची संख्या सुमारे १,२६० असल्याचा अंदाज मांडण्यात आला होता, २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ही प्रजाती अतिसंकटग्रस्त गटात घेतली, तेव्हा ही संख्या सुमारे २५० असल्याचा अंदाज होता, २०१८ च्या सुमारास ती दीडशेच्या आसपास असल्याचे अंदाज पुढे आले.’ यातील प्रत्येक आकड्याला स्वतंत्र संदर्भ लागेल. ‘अंदाज’ हा शब्द तिन्ही ठिकाणी राहू द्यावा, कारण माणसांची शिरगणती होते तशी या पक्ष्याची मोजणी होत नाही. पाहणीच्या ठरावीक वाटांवर दिसलेल्या पक्ष्यांवरून संख्याशास्त्राच्या आधारे एकूण संख्या काढली जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना चुकीची मर्यादा असते.

जिल्ह्याच्या पातळीवर हीच काळजी क्रियापदात घ्यावी लागते. ‘माळढोक सोलापूर जिल्ह्यात आढळतो’, ‘माळढोक सोलापूर जिल्ह्यात आढळत असे’ आणि ‘अलीकडच्या वर्षांत माळढोक सोलापूर जिल्ह्यात क्वचित दिसल्याच्या नोंदी आहेत’ ही तीन वेगवेगळी विधाने आहेत आणि तिन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो. नान्नज परिसरात या पक्ष्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे, हे आपण आणि मी दोघेही जाणतो. त्या दुःखातून ‘संपला’ असे लिहून टाकण्याचा मोह होतो, तर अभिमानातून ‘आढळतो’ असे लिहिण्याचा. एखादा पक्षी एखाद्या प्रदेशातून नाहीसा झाला हे विधान शास्त्रीय दृष्ट्या फार जड आहे. ते कोणा अभ्यासकाने किंवा वनविभागाने प्रकाशित स्वरूपात केलेले असेल तरच लेखात यावे. तोपर्यंत शेवटच्या प्रकाशित नोंदीचे वर्ष द्यावे आणि वाक्य तेथे थांबवावे.

चौथ्या वाक्याकडे मी तिसऱ्याच्या आधी वळतो, कारण त्याचा विषय विस्ताराचा आहे. आपण लिहिले होते: ‘शासनाने अभयारण्याचे क्षेत्र कमी केले आणि त्यामुळे माळढोक नाहीसा झाला.’ या वाक्यात एक घटना आणि एक कारण अशी दोन विधाने आहेत, आणि त्यांना जोडणारा ‘त्यामुळे’ हा शब्द आपण स्वतः घातलेला आहे.

घटनेचा भाग पाहू. नान्नजचा माळ ज्यात येतो ते जवाहरलाल नेहरू माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. सुरुवातीला त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते आणि ते सोलापूर व तत्कालीन अहमदनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेले होते. संपूर्ण सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर आहे, हे शेजारी ठेवले की त्या आकड्याचा आवाका लक्षात येतो. एवढ्या क्षेत्रात गावे होती, बाजारपेठा होत्या, रस्ते होते आणि हजारो शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी होत्या. वनविभागाच्या ताब्यातील प्रत्यक्ष गवताळ तुकडे त्या मानाने फार थोडे आणि विखुरलेले होते. अभयारण्याच्या हद्दीमुळे जमिनींच्या व्यवहारांवर आणि विकासकामांवर बंधने आली, त्यातून लोकांची नाराजी वाढली, आणि पुढे पुनर्रचना होऊन क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर ठेवण्यात आले. हा सर्व भाग लेखात आलाच पाहिजे, पण शक्यतो अभयारण्याच्या स्वतंत्र लेखात. पक्ष्याच्या लेखात त्याला दोन-तीन वाक्ये पुरतात. माळढोक हा एकट्या सोलापूरचा पक्षी नाही. आज त्याची मुख्य वस्ती राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहे, तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे, आणि प्रजातीवरील लेखात सोलापूरचा भाग निम्मा झाला तर तो लेख असंतुलित होईल. अभयारण्याच्या लेखात मात्र आपण हात सैल सोडून लिहू शकता: मूळ अधिसूचना, तालुकावार हद्द, पुनर्रचनेची प्रक्रिया, काळवीट, लांडगा व खोकड यांसारखे तेथील इतर प्राणी, आणि गवताळ रानाची ऋतूंनुसार बदलणारी स्थिती. जिल्ह्याचे नाव लिहिताना २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले हे लक्षात ठेवावे. १९७९ च्या घटनेविषयी लिहिताना ‘तत्कालीन अहमदनगर, आताचा अहिल्यानगर’ असे लिहिले की जुने संदर्भ शोधणाऱ्यालाही अडचण येत नाही.

कारणाचा भाग अधिक नाजूक आहे. माळढोक जमिनीवर उघड्या माळात घरटे करतो, मादी बहुधा एकच अंडे घालते, आणि त्या अंड्याला भटकी कुत्री, कोल्हे, गुरांची वर्दळ अशा सगळ्यांपासून धोका असतो. त्यामुळे एकदा संख्या घटली की ती भरून येण्याचा वेग फार मंद राहतो. दख्खनच्या पठारावर ज्वारी-करडईच्या कोरडवाहू शेतीत हा पक्षी टोळ व भुंगेरे टिपत वावरत असे. उजनी धरणानंतर जिल्ह्याच्या मोठ्या भागात उसासारखी बागायती पिके आली, विहिरी व कूपनलिका वाढल्या, माळ नांगराखाली आले. शिकार, अधिवासाचा ऱ्हास, वीजवाहक तारा अशी अनेक कारणे अभ्यासक मांडतात. यांपैकी कोणते कारण कोणत्या प्रदेशात किती प्रभावी होते, हे ठरवणे संपादकाचे काम नाही. अमुक अभ्यासात अमुक कारण दिले आहे, एवढेच लिहावे आणि दोन अभ्यासांत मतभेद असतील तर दोन्ही मते मांडावीत. क्षेत्र कमी केल्यामुळे पक्षी गेला असे कोणा अभ्यासकाने म्हटले असेल, तर त्याच्या नावाने ते विधान जरूर यावे. परंतु त्याआधी घट केव्हापासून सुरू झाली आणि पुनर्रचना केव्हा झाली, हा कालक्रम संदर्भ समोर ठेवून जुळवून पाहावा.

वीजतारांच्या बाबतीत मराठी मजकुरात नेहमी होणारी एक सरमिसळ येथेच सांगतो. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, समोरचे त्याला कमी दिसते, आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळणे त्याला कठीण जाते. म्हणून उच्चदाबाच्या तारांवर आदळून पक्षी मरतात. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी तारा भूमिगत करण्याविषयी आणि तारांवर पक्ष्यांना सावध करणारी साधने बसवण्याविषयी आदेश दिला, आणि २१ मार्च २०२४ रोजी त्या आदेशात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. ही सर्व कारवाई राजस्थान व गुजरातमधील अधिवासाच्या संदर्भातली आहे. ती सोलापूरच्या परिच्छेदात घातली तर वाचकाला वाटेल की नान्नजच्या तारांविषयी न्यायालयाने निर्णय दिला. कृत्रिम प्रजननाचेही तसेच. जैसलमेरजवळ सम येथे २०१९ पासून प्रजनन केंद्राचे काम सुरू झाले आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मल्याचे जाहीर झाले. ही माहिती संवर्धनाच्या विभागात, राजस्थानच्या नावासह, यावी.

आता आपले तिसरे वाक्य. त्यात आपण गवताळ रानातील एका विशिष्ट तुकड्याचे नाव घेऊन तेथे मादीचे घरटे पाहिल्याचे लिहिले होते. हे वाक्य काढले गेले याचा मला आनंद आहे, आणि त्याला प्रकाशित संदर्भ मिळाला तरी ते परत घालू नये अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. उरलेल्या प्रत्येक अंड्याचे मोल एवढे असताना घरट्याची जागा जगजाहीर करणे म्हणजे छायाचित्रकारांची आणि हौशी लोकांची रांग तेथे लावणे आहे. माणसांच्या वर्दळीने मादी अंड्यावरून उठली की ते उघडे पडते. ज्ञानकोशात खरी माहिती लपवू नये हे तत्त्व मला मान्य आहे. तथापि एखाद्या प्रजातीचे स्वरूप समजण्यासाठी ‘विरळ गवताच्या उघड्या जमिनीवर, बहुधा पावसाळ्याच्या काळात, एकच अंडे’ एवढे पुरते. तुकड्याचे नाव कळल्याने वाचकाच्या ज्ञानात भर पडत नाही. ई-बर्डवरही संवेदनशील प्रजातींच्या नोंदींचे नेमके ठिकाण सर्वांना दाखवले जात नाही, ते याच कारणासाठी.

छायाचित्राचा मुद्दा याला लागूनच आहे. आपण जोडलेले छायाचित्र दोन कारणांनी काढले गेले. पहिले म्हणजे ते इंटरनेटवरून घेतलेले होते. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियासाठीच्या मुक्त चित्रांच्या साठ्यात, चढवायचे छायाचित्र एकतर स्वतः काढलेले असावे किंवा छायाचित्रकाराने मुक्त परवान्याखाली दिलेले असावे, आणि त्या परवान्यात व्यावसायिक वापराचीही मुभा असावी लागते. ‘शैक्षणिक वापरासाठी चालेल’ एवढी परवानगी पुरेशी होत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे: ते छायाचित्र माळढोकाचे नव्हतेच. त्यातील पक्ष्याची मान राखाडी असून तिच्यावर बारीक आडव्या रेषांची जाळी दिसते आणि डोक्यामागे तुरा पसरलेला आहे; तो आफ्रिकेतील कोरी बस्टर्ड आहे. माळढोकाच्या नराची मान पांढरट व स्वच्छ असते, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा भाग असतो आणि छातीवर काळा पट्टा असतो. मादीत हा पट्टा अपुरा किंवा अस्पष्ट असतो. हे दोन्ही पक्षी एकाच प्रजातिसमूहातले असल्याने गल्लत सहज होते, आणि मराठी बातम्यांतही माळढोकाच्या नावाखाली कोरी बस्टर्डचे चित्र छापलेले मी पाहिले आहे. विद्यार्थ्यांना मान, डोके आणि छाती या तीन खुणा आधी शिकवाव्यात.

आपल्या परिचितांपैकी कोणाकडे नान्नजला पूर्वी काढलेली स्वतःची छायाचित्रे असतील, तर त्यांना ती कॉमन्सवर देण्यास जरूर सांगावे. आज त्यांचे मूल्य फार मोठे आहे. देताना चित्र काढल्याचे वर्ष लिहावे. मोबाइलने किंवा नव्या कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रात अक्षांश-रेखांश आपोआप साठवलेले असू शकतात, ते आधी काढून टाकावेत. नाहीतर घरट्याची जागा वाक्यातून वगळायची आणि चित्रातून सांगायची असे होईल. आणि नवीन चित्र मिळवण्यासाठी विद्यार्थ्यांना अभयारण्यात पाठवू नये. गवताळ रानाचे, माहितीफलकाचे किंवा काळविटांच्या कळपाचे चित्र रीतसर परवानगीने व वाटेवरून घेता येते, आणि अभयारण्याच्या लेखाला तेच हवे आहे.

संदर्भ कोठे शोधावेत, हे आपण वेगळे विचारले आहे. सोलापुरात यासाठी साधने आहेत. जुन्या सार्वजनिक वाचनालयांत, उदाहरणार्थ हिराचंद नेमचंद वाचनालयात, स्थानिक वर्तमानपत्रांचे जुने अंक मिळतात का याची चौकशी करावी. १९७० व ८० च्या दशकांतील नान्नजच्या बातम्या इंटरनेटवर जवळजवळ नाहीत आणि कागदी अंकाचा दिनांक व पृष्ठक्रमांक देऊन घातलेला संदर्भ पूर्णपणे ग्राह्य असतो. जिल्हा गॅझेटियर पाहावे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्राणिशास्त्राचे प्रबंध विचारावेत. मराठी विश्वकोशातील नोंद सर्वसाधारण माहितीसाठी चांगली आहे, मात्र संख्या व कायदेशीर स्थिती यांसाठी नवीन संदर्भ घ्यावा. उदाहरणार्थ, माळढोक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परंतु २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्या कायद्याच्या अनुसूचींची फेरमांडणी झाली आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकातील अनुसूचीचा व भागाचा क्रमांक जसाच्या तसा उतरवणे धोक्याचे आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला झालेल्या स्थलांतरित प्रजातींविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत माळढोकाला त्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले, हेही जुन्या पुस्तकांत सापडणार नाही.

जुने शास्त्रीय लेखन शोधताना पक्ष्याचे आजचे शास्त्रीय नाव आर्डिओटिस निग्रिसेप्स एवढेच वापरले, तर अर्धे साहित्य हाती लागत नाही, कारण विसाव्या शतकातील बऱ्याच ग्रंथांत तो कोरिओटिस निग्रिसेप्स या नावाने येतो. दोन्ही नावांनी शोध घ्यावा. राजस्थानी लेखनासाठी ‘गोडावण’ हे नावही हाताशी ठेवावे, आणि विकिपीडियावर त्या नावाचे पुनर्निर्देशन, म्हणजे ते नाव शोधणाऱ्याला आपोआप पुढे नेणारा दुवा, माळढोकाच्या लेखाकडे आहे का ते पाहून नसल्यास करावे.

इंग्रजी लेखाचे भाषांतर करून मराठी लेख वाढवावा का, असेही आपण विचारले आहे. परवान्याच्या दृष्टीने ते चालते. मजकूर कोठून आणला ते बदलांच्या सारांशात लिहिणे मात्र आवश्यक आहे. अडचण वेगळी आहे. भाषांतराचे साधन वाक्याबरोबर त्याचे संदर्भही उचलून आणते, आणि ते संदर्भ भाषांतर करणाऱ्याने उघडलेलेही नसतात. इंग्रजी लेखातील जुना आकडा मग मराठीत नव्या तारखेने येतो. म्हणून विद्यार्थ्याने जेवढे संदर्भ स्वतः उघडून वाचले, तेवढ्याच वाक्यांचे भाषांतर करावे, असा दंडक मी घालीन. साधनाने दिलेले मराठी वाक्य जसेच्या तसे ठेवू नये, हे सांगायला नकोच.

वगळलेली वाक्ये पुन्हा जशीच्या तशी घालण्याचा प्रयत्न आपण एकदा केल्याचे इतिहासात दिसते. तसे करू नये. एकाने घालायचे आणि दुसऱ्याने काढायचे असे दोन-तीन वेळा झाले की मजकुराकडे कोणी पाहत नाही, फक्त वाद दिसतो, आणि प्रचालकांना, म्हणजे विशेष अधिकार असलेल्या सदस्यांना, पान संपादनासाठी काही काळ बंद ठेवावे लागते. चर्चापानावर आपले म्हणणे, संदर्भ आणि प्रस्तावित वाक्य मांडावे, काढणाऱ्या सदस्याला तेथे बोलवावे, आणि काही दिवस थांबावे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, पण सातत्याने काम करणाऱ्यांची संख्या आजही मोठी नाही. उत्तर यायला वेळ लागला तर तो विरोध समजू नये.

विद्यार्थ्यांसाठी माझी सूचना अशी आहे की पहिल्या टप्प्यात त्यांच्याकडून नवीन काही लिहून घेऊ नये. लेखात आज जे लिहिलेले आहे, त्यातील एकेक परिच्छेद एकेका विद्यार्थ्याला द्यावा. प्रत्येक वाक्याचा संदर्भ आहे का, तो उघडतो का, आणि त्यात खरोखर तेच लिहिले आहे का, एवढेच त्याने तपासावे. जेथे संदर्भ नाही तेथे ‘संदर्भ हवा’ हा साचा, म्हणजे तशी सूचना दाखवणारी तयार खूण, लावावा. जेथे संदर्भात वेगळेच लिहिले आहे तेथे चर्चापानावर नोंद करावी. या कामात कंटाळा येतो हे खरे, परंतु वाक्य आणि पुरावा यांचा संबंध मुलांना यातूनच कळतो, आणि लेखही पहिल्या दिवसापासून सुधारू लागतो. नंतर ज्याला लिहायचे आहे त्याने आपल्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या वैयक्तिक पानावर, मसुदा करावा आणि आपण तो पाहिल्यावरच लेखात न्यावा. सर्वांनी एकाच दिवशी एकाच लेखात भर घालू नये. विद्यार्थ्यांची गर्दी झालेली पाने तपासणे इतर सदस्यांना अशक्य होते आणि मग चांगली भरही सरसकट उलटवली जाते.

आपल्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या वाक्याची नवी मांडणी मी लेखाच्या चर्चापानावर ठेवली आहे. दुसरे वाक्य संदर्भ जोडून लगेच लेखात जाऊ शकते. पहिल्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील शेवटची प्रकाशित नोंद हवी, ती प्रगणनेच्या अहवालात किंवा वर्तमानपत्राच्या अंकात शोधण्याचे काम आपण घ्यावे. चौथ्यासाठी १९७९ ची मूळ अधिसूचना आणि पुनर्रचनेची अधिसूचना या दोन्हींच्या प्रती लागतील. त्यांपैकी एक जरी आपल्याला जिल्ह्यातील कार्यालयातून मिळाली, तरी अभयारण्याचा स्वतंत्र लेख आपण दोघे मिळून त्याच आधारावर सुरू करू.